घोंगडीखालची खूण

नदीवर एक दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाच्या पाण्यावर पिकणारे चार फड, एवढीच ज्याची मिळकत, असे एक गाव एकदा पेचात सापडले होते, आणि त्या पेचाची त्याला कल्पनाही नव्हती. फड म्हणजे साऱ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचा जमिनीचा पट्टा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव बंधाऱ्यावर जमे आणि त्या साली किती फडांना पाणी मिळेल, ते पाटकरी सांगे. पाण्याच्या पाळ्या राखणाऱ्या या माणसाचा शब्द शेवटचा असे. तो झाला, की बियाणे बाहेर निघे.

पाटकऱ्याचा हिशेब साधा होता. बंधाऱ्याच्या कडेला एक उभा दगड आणि त्यावर तीन खाचा. पाणी पहिल्या खाचेला असेल तर दोन फड, दुसऱ्या खाचेला तीन आणि तिसऱ्या खाचेला चारही.

हिलालबाबांनी चाळीस वर्षे हे काम केले. यंदा त्यांनी ते सुपडूवर सोपवले. सुपडू पस्तिशीचा, चार वर्षे बाबांच्या मागे पाटाने हिंडलेला. त्याची जमीन एकाच जागी होती, चौथ्या फडात. दोन सालांपासून तो फड पाण्यावाचून पडून होता आणि सुपडूची बायको दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात होती. यंदा आषाढ कोरडा गेला, श्रावणही कोरडा गेला. पोळ्यानंतर मात्र तीन दिवस असे आभाळ कोसळले, की बंधारा एका रात्रीत भरला. पाणी तिसऱ्या खाचेला लागले. सुपडूने बायकोला गहू निवडून ठेवायला सांगितले.

सभेच्या दिवशी तो उजाडताच बंधाऱ्यावर आला. पाहतो तो हिलालबाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून खाचांच्या दगडाला आपली घोंगडी गुंडाळत होते. वरून त्यांनी काथ्याची दोरी आवळून बांधली.

"बाबा, हे काय मांडलंय? घटकाभरात गाव येईल खूण बघायला!"

"म्हणून तर झाकली," बाबा काठावर चढत म्हणाले. "फावडं घे. आणि माझं धोतर पिळायला हात लाव, थंडी वाजतेय."

सुपडू मनातून चिडला. म्हाताऱ्याला अधिकार सोडवत नाही, असे त्याला वाटून गेले. तरी तो फावडे घेऊन मागे चालू लागला. नदीच्या काठाकाठाने ते कोसभर वर गेले. जिथे डोंगराच्या पायथ्याचा ओढा नदीला मिळतो, तिथे बाबा थांबले.

"इथं वाळूत खण. गुडघाभर."

सुपडूने खणले. वाळू वरून ओली होती, खाली जेमतेम दमट. बाबांनी चंची काढली, पान लावले, चघळून संपवले. तोवर खड्ड्याच्या तळाशी ओंजळभरच पाणी जमले होते.

"माझ्या लग्नाच्या साली इथंच असाच झिरा खणला होता," बाबा म्हणाले. "दसऱ्याचेच दिवस, बंधारा असाच तिसऱ्या खाचेला. फावडं बाजूला ठेवेपर्यंत खड्डा भरला."

"पण बाबा, बंधारा तर तेव्हाइतकाच भरलाय."

"बंधाऱ्यात असतं किती रे? चार फडांना महिनाभर पुरणार नाही. गव्हाला तीन-चार महिने पाणी पाजतो तो हा डोंगर, थेंब थेंब सोडून. ती खाच माझ्या आज्यानं पाडली. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या काळी पाऊस चार महिने मुरत यायचा. आधी डोंगर प्यायचा, त्याचं पोट भरलं की मग बंधारा चढायचा. म्हणून बंधाऱ्याकडं बघून डोंगराचं पोट कळायचं. यंदा तीन दिवसांत सगळं अंगावरून वाहून गेलं. बंधारा भरला आणि डोंगर उपाशी राहिला. खाच दोन्ही सालांना सारखीच दिसते, सुपडू. पाऊस बदलला, हे दगडाला कसं कळावं?"

सुपडूने फावड्याची वाळू झटकली. त्याने विचारले, "मग किती फड सांगू?"

"पाटकरी तू आहेस," बाबा म्हणाले आणि उठले.

ते परतले तेव्हा बंधाऱ्यावर गाव जमले होते. घोंगडी पाहून कुजबुज चालली होती. तिसऱ्या फडातले आधारअप्पा सर्वांत पुढे होते.

"काय रे सुपडू, दगडाला हिवताप आलाय का? पांघरूण घातलंस ते!"

लोक हसले. सुपडू पाण्यात उतरला. त्याने दोरी सोडली आणि घोंगडी ओढून काढली. हिलालबाबांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी त्याला अडवले नाही.

"नीट बघा," सुपडू म्हणाला. "पाणी तिसऱ्या खाचेला आहे. मी लपवत नाही. आणि यंदा दोन फड भिजतील."

मग एकच गलका उठला.

"डोकं ठिकाणावर आहे का?" आधारअप्पा ओरडले. "भरल्या बंधाऱ्यावर आम्ही उपाशी राहायचं?"

"अप्पा, वर ओढ्यात खड्डा खणून आलोय. ओंजळभर पाणी आहे. बंधारा आज भरलेला दिसतोय, पण वरून येणारी धार पौषात तुटेल. चार फड पेरले तर चारही दाणा भरायच्या वेळी वाळतील. दोन पेरले तर दोन हाताशी लागतील. तिसऱ्या-चौथ्यातल्यांना पहिल्या दोन फडांत पट्टे वाटून देऊ. सगळ्यांनाच थोडं कमी येईल."

"आणि तुझी जमीन रे?" मागून कोणीतरी विचारले.

"चौथ्यात आहे," सुपडू म्हणाला. "तिसरं साल पडीक."

दोघेतिघे फावडे घेऊन ओढ्याकडे गेले आणि खाली मान घालून परत आले. संध्याकाळी पट्टे आखले गेले.

पौष सरता सरता ओढ्याची धार तुटली. बंधाऱ्यातले राहिलेले पाणी सुपडूने तिथीवार राखले आणि शेवटची पाळी माघात दिली. दोन फडांचा गहू भरला. बंधाऱ्याखालच्या, गावाच्या प्यायच्या विहिरीलाही पुढे चैत्रापर्यंत पाणी राहिले.

फाल्गुनात एके दुपारी सुपडू आपल्या पडीक शेताच्या बांधावर उभा होता. वाटेने आधारअप्पा आले. तेही बांधावर चढून त्या भेगाळलेल्या रानाकडे पाहू लागले.

"दोन म्हणालास, तेव्हा तुझा भारी राग आला होता," ते म्हणाले.

"मलाही आला होता, अप्पा," सुपडू म्हणाला.