अडकलेली कात्री

“पण बाई, इतकं चपखल बसतं, तर मग टिकत का नाही?”

ओजस वाळिंबेनं, बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यानं, दारातूनच विचारलं. चपलाही काढल्या नव्हत्या.

राजोपाध्ये बाई जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या. मिरजेच्या घरी, ओसरीवर, गोधडीसाठी जुनी कापडं बेतत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चपला काढ आधी.”

कॅन्सरची पेशी जागा सोडून निघते, तेव्हा एक एन्झाइम तिच्याभोवतीचं जाळं कापून तिला वाट करून देतं. त्या एन्झाइमच्या तोंडात बसून ते बंद पाडेल, असं एक छोटं पेप्टाइड, प्रथिनाची छोटीशी साखळी, ओजसनं घडवलं होतं. एन्झाइमला जाळ्याचा जो तुकडा सगळ्यात आवडतो, त्याची हुबेहूब नक्कल. पोराला गर्व होता, आणि तो काही फुकटचा नव्हता.

“इतकं नेमकं कुणाचंच बसलेलं नाही, बाई!”

“बसतं. मग?”

“मग... एन्झाइम त्याचे तुकडे करतं. आणि पुन्हा कामाला लागतं.”

“त्याला आवडतं तेच तू ताटात वाढलंस. ते जेवलं. आता रुसतोस कशाला?”

ओजसचा चेहरा उतरला.

“सोमवारी संशोधन समिती बसतेय. काम बंद करा म्हणतील. आत्याचा कॅन्सर हाडांत पसरला ना, तेव्हाच ठरवलं होतं, याची वाट अडवायची... आणखी घट्ट बसवू का?”

बाईंनी कात्री त्याच्या हातात दिली आणि खादीचं कापड पुढे धरलं.

“काप.”

कचकन कापलं.

मग जुनी जीन पँट आली. जोर लावावा लागला, पण तीही कापली गेली.

मग नायलॉनच्या साडीचा एक झिरझिरीत तुकडा. ओजसला हसू आलं.

“हे तर काहीच नाही, बाई.”

“काप की मग.”

कात्री मिटायला गेली. कापड कापलं नाही. दुमडून पात्यांमध्ये शिरलं आणि तिथेच बसलं. ओजसनं ओढून पाहिलं, झटकून पाहिलं. पाती ना उघडत होती, ना मिटत.

“आता खादी काप.”

“...नाही कापत.”

“कात्री बोथट झाली?”

“नाही.”

“कापड कात्रीपेक्षा मजबूत होतं?”

“नाही...”

तो हातातल्या कात्रीकडे बघत राहिला. बाई सुईत दोरा ओवत होत्या.

“एकच दुवा, बाई!” तो एकदम म्हणाला. “जिथे ते कापतं, तिथला एकच दुवा बदलायचा. बाकी सगळं त्याच्या आवडीचंच ठेवायचं. घेईल तोंडात, पण कापता येणार नाही...”

बाईंनी दोऱ्याला गाठ मारली.

ओजस उठला. चेहरा असा खुलला होता की बघणाऱ्यालाही बरं वाटावं.

“थांबा, आधी तुमची कात्री सोडवून देतो.”

“राहू दे. सोमवारी तशीच समितीपुढे ठेव. म्हणावं, कापून दाखवा.”