शंभर रोपं आणि एक कडुनिंब

विद्यापीठात जागा उरली होती एकच. बाकीच्या उमेदवारांच्या फायली क्लासवाल्यांनी वृक्षारोपणाच्या प्रमाणपत्रांनी फुगवल्या होत्या. ओवी कानडेच्या फायलीत गुणपत्रिका आणि एका झाडाचा फोटो, बस्स.

मुलाखतीत प्रवेश समितीचे अध्यक्ष राजवाडे सरांनी तिची फाइल दोन बोटांनी उचलली. "बाहेरच्या प्रत्येकानं शंभर झाडं लावलीत. तुझं एकच?"

ओवीनं फायलीतल्या फोटोवर बोट ठेवलं.

"हो सर. आठवीत लावलं, रोज पाणी घातलं. आता शाळेच्या कौलांवर गेलंय, कधीही येऊन बघा. त्यांच्या शंभरातलं एक तरी बघायला कुठं जायचं, तेवढं त्यांना विचारा."

सरांनी तिची फाइल मिटून बाजूला ठेवली आणि तिला जायला सांगितलं. पुढचा उमेदवार जाडजूड फाइल घेऊन आत आला. सरांनी ती उघडलीच नाही.

"तुझं झाड कुठं आहे?" त्यांनी विचारलं.