महाराज ‘पुरे’ म्हणाले ती खोली

चांदरपूरच्या महाराज वीरभद्रांनी रयतेसाठी पोहण्याचा तलाव बांधायचं मनावर घेतलं आणि राघोजी पाथरवटाची झोप उडाली.

कारण तलाव कसा हवा, हे महाराजांनी स्वतःच ठरवलं होतं. शेजारच्या देवखिंडीच्या राजाचा तलाव दोन पुरुष खोल, म्हणून आपला तीन पुरुष. तोही नुसता मध्ये नाही, या काठापासून त्या काठापर्यंत. दगड इतका घोटलेला, की त्यात बघून मिशीला पीळ देता यावा. पायऱ्या नकोत, त्यांनी तलाव गरिबाघरचा वाटतो. कठडा नको, त्याने पाण्याची शोभा जाते. एवढं सांगून झाल्यावर महाराजांना रयत आठवली आणि त्यांनी शेवटची अट घातली. या तलावात लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणीही बुडता कामा नये. एक जरी माणूस बुडाला, तरी राघोजीचं घरदार गाढवांवर लादून राज्याबाहेर!

यातली एखादी तरी अट सोडा, असं राघोजीने हात जोडून सुचवून पाहिलं. दरबारात अशा बोलण्याला उद्धटपणा म्हणतात. प्रधान महीपतराव डोळे वटारून पुढे सरसावले आणि राघोजी आल्या पावली परतला.

घरी येऊन तो न जेवताच भिंतीला टेकून बसला. चार पिढ्यांचं घर, दारातली गाय, सगळं आता गाढवांच्या पाठीवर दिसायला लागलं होतं त्याला. त्याची मुलगी सगुणा लहानपणापासून त्याच्याबरोबर दगड घडवत आली होती, आणि तिची जीभ छिन्नीपेक्षा धारदार आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तिने अटी एकेक करून ऐकल्या, बापापुढे ताट सरकवलं आणि म्हणाली, “आबा, तुम्ही जेवा. महाराजांशी मी बोलते.” हे ऐकून तर राघोजीची उरलीसुरली भूकही पळाली.

दुसऱ्या दिवशी सगुणाने दरबारात सांगून टाकलं, की सगळ्या अटी मान्य आहेत. फक्त पाथरवटांचा एक जुना रिवाज तेवढा पाळावा लागेल. घर असो, देऊळ असो, माप यजमानाच्या अंगावरून घेतात. तलावाचं म्हणाल तर आधी मापाचा हौद खणायचा, त्याला तलावाचाच दगड लावायचा, यजमानाने आत उभं राहायचं आणि वरून पाणी सोडायचं. यजमान ‘पुरे’ म्हणेल ती खोली कायमची ठरली.

“मग ती कोणालाच बदलता येत नाही,” सगुणा म्हणाली. “खुद्द महाराजांनासुद्धा नाही.”

आपल्या अंगावरून माप म्हटल्यावर महाराज असे फुलले, की त्यांनी तिथल्या तिथे होकार भरला. पाण्याचा विचार त्यांना रात्री पलंगावर पडल्यावर सुचला, पण तोवर गावभर दवंडी पिटून झाली होती.

राजवाड्याच्या अंगणात तीन पुरुष खोल हौद तयार झाला. घोटलेला दगड, पायरी नाही, कठडा नाही, सगळं हुकुमाबरहुकूम. महाराज रेशमी धोतर नेसून शिडीने आत उतरले. उतरताच सगुणाने शिडी वर ओढून घेतली, कारण अटीत शिडी नव्हती. काठावर मात्र तिने दोन पट्टीचे पोहणारे कोळी दोर घेऊन उभे केले होते. अख्खं गाव गोळा झालं, आणि पखालवाल्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा महाराजांनी वर बघून हात हलवला. कमरेला लागलं तेव्हा हलवणं थांबलं. छातीला लागलं तेव्हा प्रधानांनी खालून काही आज्ञा आहे का म्हणून वाकून पाहिलं, आणि नेमका त्याच वेळी महाराजांचा पाय त्या सुंदर दगडावरून सटकला! मुकुट एकीकडे, मालक दुसरीकडे. महाराज भिंत धरायला गेले, पण भिंत त्यांच्याच हुकुमाने गुळगुळीत झाली होती. नाकातोंडात पाणी गेलं आणि सगळी शान सोडून ते ओरडले, “पुरे! पुरे! अगं, काहीतरी धरायला दे!”

क्षणात दोर खाली गेला, कोळ्यांनी महाराजांना वर घेतलं, आणि सगुणाने छातीएवढ्या पाण्यावर खूण केली. मग ती बापाला म्हणाली, “आबा, माप मिळालं. पाणी छातीभर, पोरांच्या बाजूला गुडघाभर. दगड खरबरीत. आणि धरायला काहीतरी हवं, हे महाराजांनी स्वतःच सांगितलंय.”

प्रधान चवताळले. या पोरीला आधी कैद करा, आणि देवखिंडीपुढे आता आपली काय इज्जत राहिली, असं ते बोलत सुटले. सगुणाने त्यांना शांतपणे विचारलं, की देवखिंडीच्या तलावात माणसं किती उतरतात? पोहणारे दहा, काठावर बसून बघणारे हजार. आपल्या तलावात सगळं गाव पाण्यात असेल, मग मोठा तलाव कोणाचा?

महाराज शाल पांघरून कुडकुडत होते. त्यांनी सगुणाला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “पोरी, मला पोहता येत नाही हे राणीसाहेबांनासुद्धा ठाऊक नाही. तुला कोणी सांगितलं?”

“आपणच, महाराज,” सगुणा म्हणाली. “ज्याला पोहता येतं, तो पाण्यात उतरायच्या आधी बाहेर कुठून यायचं ते बघून ठेवतो. आपण सांगितलेल्या तलावात पडायची सोय चारी बाजूंनी होती, बाहेर यायची एकाही बाजूने नव्हती!”

महाराजांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते असे हसत सुटले की नाकात राहिलेलं पाणी प्रधानांच्या अंगरख्यावर उडालं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं, राघोजीला पाच बिघे जमीन दिली आणि तलाव तिच्या मापाने बांधायचा हुकूम केला. दोन्ही कोळ्यांना तलावावर कायमची चाकरी मिळाली. त्यांचा पहिला शागीर्द पाठीला भोपळा बांधून गुडघाभर पाण्याच्या बाजूने उतरला, आणि गावातली पोरं त्याला अदबीने महाराज म्हणत होती.