अंगठीचा दोरा

अंगठ्या बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. लग्नात द्वारकेचं बोट बारीक होतं, म्हणून सासूने अंगठीला आतून दोरा गुंडाळला. पुढे बोट भरलं. "आता तुझी अडचण होते," अंगठीने दोऱ्याला सुनावलं. द्वारकेने तो सोडवून शिवणाच्या डब्यात टाकला.

म्हातारपणी बोट पुन्हा वाळलं. भांडी घासताना अंगठी पेरापर्यंत घसरायची आणि तिला खाली मोरीचं भोक दिसायचं. "मला घट्ट धर ना," ती बोटाला विनवायची.

"वाढताना मला कुणी विचारलं नाही, आटतानाही नाही," बोट म्हणालं.

शेवटी द्वारकाबाईंनी तोच दोरा शोधून काढला. गुंडाळता गुंडाळता तो संपला, तरी अंगठी सैलच.

"लग्नात तर मी पुरलो होतो," दोरा घाबरून म्हणाला.

"जेवढा आहेस तेवढा राहा," अंगठी म्हणाली. "फक्त सुटू नकोस."