न दिसणारी भिंत

मी शर्वीला फार अडवते का, या काळजीने माझी झोप उडाली. सकाळी वेणी घालताना तिला गोष्ट सांगितली.

फार पूर्वी संगणकावरचे थ्रीडी गेम घडवणाऱ्या एका इंजिनाने, म्हणजे प्रोग्रॅमने, धुक्यातल्या दरीपुढे दोन भिंती उभ्या केल्या. पहिलीला सुंदर रंग दिला, पण टणकपणा द्यायचं ते विसरलं. दुसरी टणक केली, पण तिला रंगच दिला नाही.

“तू कुणाला दिसतेस तरी का गं?” रंगीत भिंत हिणवायची.

एकदा गेममधला घोडा भरधाव आला. रंगीत भिंतीतून आरपार गेला आणि दुसरीवर आपटून थांबला. पुढच्याच पावलावर दरी होती.

“कोण मध्येच अडवतंय?” तो खेकसला. भिंत गप्प राहिली.

मला भरून आलं. शर्वी म्हणाली, “पण आई, पुढे दरी आहे एवढं सांगायला तिला काय झालं होतं?”