शेवटच्या रांगेपर्यंत

“पण गुरूला नाही कसं म्हणायचं, अक्का?”

नयनानं विचारलं. कॉलेजच्या नाटकात तिला नायिकेचं काम मिळालं होतं. नाटक बसवणारे सर आज म्हणाले, “तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. उद्या तालीम संपली की घरी ये. एकटीच. आवाज मोकळा करून देतो.” हे सांगताना त्यांचा हात तिच्या पाठीवर होता, आणि तो काही केल्या निघत नव्हता.

ताराक्का अंगणात शेंगा सोलत होत्या. फिरत्या नाटक कंपनीत चाळीस वर्षं काढलेली बाई. आता गावातल्या पोरी त्यांच्याकडे संवाद घोटायला यायच्या.

“नाही गेलीस तर?”

“काम दुसरीला देतील... आणि अक्का, मी आजवर कुठल्याच गुरूचा शब्द मोडलेला नाही.” हे मात्र तिनं मान ताठ करून सांगितलं.

“अस्सं! मग माझे पाय चेप बघू.”

नयनानं चेपले.

“कान धर. पाच उठाबशा.”

काढल्या. का म्हणून विचारलंसुद्धा नाही, इतकी गुणाची पोर!

अक्का उठल्या आणि अंगण ओलांडून पार पलीकडे, विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या.

“फळीवर कात्री आहे,” त्या तिकडून म्हणाल्या. “वेणी काप.”

नयनाला वाटलं, थट्टा करताहेत. पण अक्का हसत नव्हत्या.

तिनं कात्री घेतली. वेणी पुढं ओढली. कमरेपर्यंतची वेणी, आईनं दर रविवारी तेल चोळून वाढवलेली. कात्रीची पाती उघडली, पण ती मिटवली नाहीत.

“...नाही.”

“काय? ऐकू नाही आलं.”

“नाही, अक्का.”

“अगं, विहिरीपर्यंतसुद्धा पोचेना!”

“नाही! नाही कापणार मी!”

कोंबड्या फडफडत पांगल्या. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून मान वर काढली. नयना स्वतःच दचकली. एवढा आवाज आपल्याकडे होता? तिला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणीही आलं. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

अक्का पदरानं तोंड पुसत परत आल्या. स्वारी भलतीच खुशीत होती.

“आणि मी खरंच कापली असती तर?”

“त्या कात्रीनं सुतळी तुटत नाही, वेणी कसली तुटतेय!”

दोघी पोटभर हसल्या. मग नयनानं कात्री फळीवर परत ठेवली.

“उद्या हे सरांना सांगायचं? सगळ्यांसमोर?... आणि काम गेलं म्हणजे?”

अक्कांनी शेंगांनी भरलेलं सूप तिच्या पुढ्यात सरकवलं.

“उद्या तालमीला मी येतेय. शेवटच्या रांगेत बसेन. मला ऐकू आलं पाहिजे.”