एकसष्टाव्या पानापुढे

“एवढंच सांगा, बुवा. या दोघांत बरोबर कोण?”

डॉ. त्र्यंबक निफाडकरांनी जुनं पुस्तक उघडून चटईवर ठेवलं.

अच्युतबुवा मठाच्या ओट्यावर पेरू चिरत बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. चाकू मात्र चुकत नसे.

“दोघे कोण?”

“पानाच्या समासात दोघांनी लिहिलंय. एकाने पेन्सिलीने, एकाने लाल शाईने.”

“वाच.”

निफाडकरांनी आधी ग्रंथातली ओळ वाचली. ‘दिवा स्वतःला दाखवायला दुसरा दिवा मागत नाही. ज्ञानही तसेच.’

शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पण दिवा लागला आहे, हे आंधळ्याला कोण सांगणार?’

त्याखाली लाल शाईत, ‘मूर्खा! आधी पुढचे पान वाच.’

बुवा हसले. “लाल शाईवाला तापट दिसतो.”

“तो मी. गेल्या मंगळवारी लिहिलं.”

“आणि पेन्सिलवाला?”

निफाडकरांनी पेन्सिलीच्या ओळीवरून बोट फिरवलं.

“तोही मीच... बाविसाव्या वर्षीचा. पुस्तक तेव्हाच कॉलेजला देऊन टाकलं होतं. आता त्यांनी रद्दीत काढलं, म्हणून घरी आणलं. कुणा विद्यार्थ्याचा आगाऊपणा समजून मी उत्तर ठोकलं. मग शेवटच्या कोऱ्या पानावर माझीच सही दिसली.”

“बरं झालं. शिवी घरातच राहिली.”

“चेष्टा नको, बुवा. या ग्रंथाची नवी आवृत्ती निघतेय. प्रस्तावना माझी आहे. ज्ञानाला गुरू लागत नाही, हे मी तीस पानांत सिद्ध केलंय. आणि हा पोरगा एका ओळीत...”

“ज्ञानाला गुरू लागत नाही, हे खरं का, ते विचारायला तू माझ्याकडे आलास?”

निफाडकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“संध्याकाळी प्रकाशकाचा माणूस येणार. छपाईआधीची शेवटची मुद्रितं पिशवीत आहेत, फक्त सही राहिलीय. अडतीस वर्षं मी हा ग्रंथ शिकवला. तुम्ही एकदा म्हणा की पोरगा चुकला. मी इथेच सही करतो.”

बुवांनी पेरूची एक फोड त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, पण खाल्ली नाही.

“पोराला तू काय सांगितलंस?”

“पुढचं पान वाच म्हणून.”

“मग वाच की. कितवं पान हे?”

“एकसष्ट.”

“उलट.”

निफाडकरांनी पान उलटलं. वाचायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

“काय झालं?”

“इथे चौसष्ट आहे.”

“इकडे आण बघू.”

बुवांनी धोतराला हात पुसले. उलटलेलं पान त्यांनी दोन बोटांत धरलं आणि चोळून पाहिलं. मग बोटं वरच्या कडेला नेली.

“जाड लागतंय रे. दोन पानं आहेत. वर जोडलेली.”

जुन्या छपाईची पुस्तकं अशीच येत. वाचणाऱ्याने कडा कापत कापत पुढे जायचं. एकसष्टपर्यंतच्या कडा कापलेल्या होत्या. तिथून शेवटपर्यंत पुस्तक छापखान्यातून आलं तसंच होतं.

“त्या वर्षी परीक्षेला एकसष्टपर्यंतच होतं,” निफाडकर म्हणाले.

“आणि शिकवताना?”

“अभ्यासक्रम तोच राहिला... मी माझ्या वहीवरून शिकवायचो.”

“आणि प्रस्तावना?”

ओट्यावर सांडलेल्या बियांकडे मुंग्यांची रांग निघाली होती. निफाडकर तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. टोपण उघडून ते ‘मूर्खा’ या शब्दावर धरलं.

“काय करतोस?”

“निदान एवढा शब्द खोडतो.”

“राहू दे. कुणाला उद्देशून आहे, ते अजून कळायचंय.”

पेन हवेतच राहिलं.

“बुवा, आत त्याचं उत्तर असेल?”

“मला काय ठाऊक!”

“आणि नसलंच तर? संध्याकाळी तो माणूस येईल. त्याला मी काय सांगू?”

बुवांनी चाकूचं पातं उपरण्याला दोन्ही बाजूंनी पुसलं. मूठ निफाडकरांकडे केली आणि दुसरा हात पसरला.

“हा धर. पेन इकडे दे.”